बिनडोक्याचा बारापासॉरस

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला. गॅदरिंग, सहली, छड्या यावर बाकीचे लिहितीलच, मी आपल्या बारापासॉरसवर लिहितो. नव्वदच्या दशकात जे शाळेत होते त्यांना तो आठवत असेल, प्रयोगशाळेच्या दाराशी दोन बाकं जोडून त्यावर उभा केलेला डायनासोरचा तारेचा न् कागदाच्या लगद्याचा सांगाडा. डोकं नसलेला.

आम्ही तो केला त्या वर्षी जिकडे तिकडे डायनासोरचं वेड होतं, वह्यांच्या कव्हरवर पण तेच. आम्हाला विज्ञान प्रदर्शनासाठी अर्थातच टी-रेक्स करायचा होता, मोठे दात, लाल तोंड वगैरे. सर म्हणाले, अरे तो अमेरिकेतला, आपल्या गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळचा सोडून त्याच्या मागे कशाला लागता? आम्हाला वाटलं सर मजा घेताहेत. पण खरंच, इथेच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पोचमपल्ली गावाजवळ कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी त्याची जवळपास ३०० हाडं खणून काढली होती. (संख्याशास्त्रवाले हाडं कशाला खणतात हा प्रश्न आम्हीही विचारला, तर ती संस्था काढणाऱ्या महालनोबिसांनी तिथे भूशास्त्राचा विभागच काढला होता आणि लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन बाईंना बोलावून घेतलं होतं.) मोठं खोदकाम १९६१ चं, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून १९७५ मध्ये रीतसर नाव दिलं ते बारापासॉरस टागोरी. वय अठरा कोटी वर्षांच्या आसपास. ज्या दगडात तो सापडला त्याला जगभर कोटा फॉर्मेशन म्हणतात, ते कोटा म्हणजे आपलं नदीकाठचं कोटा, राजस्थानातलं नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं त्या स्टीफन हिस्लॉपनी एकोणिसाव्या शतकातच इथल्या जीवाश्मांवर लिहून ठेवलंय, आणि आम्हाला कोटा गाव फक्त एसटीच्या पाटीवर माहीत.

स्केल ठरलं एकास दहा. मांडीचं खरं हाड साधारण १.७ मीटर म्हणजे आमचं १७ सेंटिमीटर, तिथून बाकी सगळं काढायचं. पण गंमत अशी की ती ३०० हाडं एका प्राण्याची नाहीतच, कमीत कमी सहा जणांची आहेत, कुणी मोठा कुणी लहान, त्यामुळे एकाचा पाय न् दुसऱ्याचा मणका जोडताना प्रत्येक वेळी गुणाकार भागाकार. गणिताचे सर खूश होते, आम्ही नव्हतो.

कण्याला सहा एमएमची सळई, ती ग्रिलवाल्याने फुकट वाकवून दिली. फासळ्यांना बांधकामावरची बाइंडिंग तार. हाडांसाठी जुने पेपर भिजवून कुटायचे आणि त्यात वाटलेल्या मेथ्या न् फेव्हिकॉल, मेथीने लगद्याला कीड कमी लागते असं शाळेतल्या मावशी म्हणाल्या आणि वाटून पण त्यांनीच दिल्या. तो वास! पावसाळी हवेत लगदा वाळेना, मणके खिडकीत ओळीने मांडलेले, मधल्या सुट्टीत पोरं येऊन विचारायची हे कसले वडे?

सगळ्यात जास्त छळलं मानेने. उभं केलं की मान खाली, परत वाकवली की परत खाली. आम्ही खालून काठीचा टेकू द्यायला निघालो तर सर म्हणाले, त्याला काय टेकू होता का? मग त्यांनी मणक्यांवरचे ते उभे काटे दाखवले आणि सांगितलं की अशा प्राण्यांत वरून जाड स्नायुबंध असतात, मान वरून ताणलेली असते, खालून उचललेली नसते. मग सायकलच्या ब्रेकची तार आणली, कमरेच्या मणक्यापासून काट्यांवरून थेट मानेच्या टोकापर्यंत ओढली, कसली, आणि मान उभी राहिली ना भाऊ! मला आजही अभियांत्रिकीतलं जे काही कळतं त्याचं पहिलं प्रात्यक्षिक ते. शेपटीचंही तसंच, आमच्याकडच्या पुस्तकात ती जमिनीवर लोळत होती पण सरांनी उचलायला लावली, कारण अशा डायनासोरच्या पाऊलखुणा सापडतात तिथे शेपूट घासल्याचा चर क्वचितच दिसतो. उचलल्यावर मानेचं वजन पण तोललं गेलं, सळई एकदम शांत.

आता डोक्याचं. बारापासॉरसची कवटी मिळालेलीच नाही, मिळाले ते थोडे दात, चमच्यासारखे. सरांचा नियम एकच, जे हाड सापडलंय ते पांढरं, जे आपण अंदाजाने केलंय ते गेरूने रंगवायचं. आम्ही म्हटलं मग डोकंही गेरूचं करू. नाही म्हणाले, पायाचं एक बोट नसेल तर शेजारच्या बोटावरून अंदाज येतो, अख्खं तोंड कशावरून करणार? दात तेवढे करून एका पुठ्ठ्यावर चिकटवा. आम्ही तीन दिवस रुसलो.

प्रदर्शनात जो येईल तो एकच विचारायचा, डोकं कुठाय? आमचं उत्तर पाठ होतं, अशा लांब मानेच्या डायनासोरची कवटी हलकी, पातळ हाडांची, मानेला जेमतेम जोडलेली, मेल्यावर सगळ्यात आधी तीच निखळून जाते. त्यात इथे हाडांबरोबर मोठाले झाडांचे ओंडके पण सापडलेत, म्हणजे पुरात सगळं वाहत आलं असावं, त्यात डोकी कुठे टिकणार. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, मॉडेल अपूर्ण. नंबर गेला व्हिनेगर न् खायच्या सोड्याच्या ज्वालामुखीला. मी अजूनही म्हणतो की त्या हॉलमधलं सगळ्यात पूर्ण मॉडेल आमचं होतं, कुठलं माहीत आहे आणि कुठलं नाही हे त्यावर रंगाने लिहिलेलं होतं, ज्वालामुखीवर काय लिहिलं होतं?

पुढे तो काही वर्षं दाराशी होता, मग प्रयोगशाळेचं छत गळलं आणि लगद्याने जे करायचं ते केलं (मेथ्या कीड थांबवतात, पाणी नाही). सळई नंतर कुंपणाला वापरली असं ऐकलं.

हल्लीच्या पोरांपैकी कुणाला परत करायचा असेल तर करा, आता थ्रीडी प्रिंटर आहेत, वडधमचं फॉसिल पार्क जवळ आहे, तिथले दगड झालेले ओंडके बघून या, खिशात मात्र काही घालू नका. ब्रेकची तार नवीन घ्या, जुनी सैल पडते. आणि परीक्षकांसाठी पुठ्ठ्यावरचे दात जरा मोठ्या अक्षरांत लेबल करून ठेवा.