इन्नू नोड

शनिवार, रात्रीचे साडेदहा

दोनदा साबण लावला तरी नखांच्या कडेचा कोळसा काही निघत नाही. असू दे. आजचा दिवस झोपायच्या आधी लिहून ठेवायचाच आहे, उद्या घरकामात त्यातला अर्धा विसरून जाईन.

बेळगावची सहल. सहावी-सातवीची चौतीस मुलं, हेडमास्तर, मी आणि माध्यान्ह आहाराच्या मावशी. सकाळी सातला जांबोटीच्या पुढून बस निघाली आणि किणयेला पोहोचायच्या आत तिघांना ओकाऱ्या झाल्या. लिंबं होती, पिशव्या होत्या, मावशी होत्या. पिरनवाडीपासून मात्र कुणाला काही झालं नाही, सगळी खिडक्यांना चिकटली.

ही सहल ठरवताना किती बोलणी झाली ते आज आठवतंय. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक-समितीच्या मीटिंगमध्ये एका पालकांनी सरळ विचारलं, "बाई, भिंतीवरची चित्रं बघायला पोरास्नी कशाला न्यायचं? गोकाकचा धबधबा दाखवा, न्हाईतर कणेरी मठाला न्या." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कणेरीला मी मुलांना दोनदा नेलं आहे. तिथले सिमेंटचे बलुतेदार, नांगरणारे गडी बघून मुलं "ह्यो आमचा आजा!" म्हणून ओरडतात, ते मलाही आवडतं. पण गेल्या वर्षीची सहल माझ्या मनातून जात नव्हती. एका दिवसात पाच ठिकाणं केली होती. त्यातल्या एका संग्रहालयात "चला, पुढं सरका, हात लावू नका, बोलू नका" असं करत बारा मिनिटांत आम्हाला मागच्या दारानं बाहेर काढलं. आल्यावर निबंध लिहून घेतला. बसमधली गाणी, आइस्क्रीम, हरवलेली चप्पल, सगळं होतं त्यात. एकाही मुलानं एकाही चित्राबद्दल किंवा मूर्तीबद्दल एक ओळ लिहिली नव्हती. वह्या तपासताना मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी खरंच काही पाहिलं नव्हतं आणि पाहायला मी त्यांना वेळच दिला नव्हता. म्हणून यंदा दोनच ठिकाणं धरायची यावर मी अडून बसले. हेडमास्तरांनी साथ दिली, नाहीतर जमलं नसतं.

पहिलं ठिकाण टिळकवाडीत, वरेरकर नाट्य संघातलं के. बी. कुलकर्णी कलादालन. तिथं स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं आणि एका चित्रकार बाईंनी दोन तासांची कार्यशाळा घ्यायचं कबूल केलं होतं. आत जायच्या आधी मुलांना पायरीवर बसवून मी के. बीं.विषयी सांगितलं. या माणसानं बेळगावात चित्रमंदिर नावाची चित्रशाळा काढली आणि इथल्या कितीतरी मुलांच्या हातात ब्रश दिला. त्यांतलेच एक रवी परांजपे. १९३५ साली बेळगावात जन्मले, इथंच के. बीं.कडे शिकले, मग मुंबई, पार आफ्रिकेतलं नैरोबी, शेवटी पुणे. आयुष्यभर चित्रं काढली, २०२२ साली ते गेले. सातवीतल्या एकानं विचारलं, "म्हंजे ते आपल्याच जिल्ह्यातले?" व्हय म्हटलं. तो काही बोलला नाही, पण आत जाताना त्यानं शर्ट नीट खोचला.

आत एका भिंतीवर म्हातारीचं पोर्ट्रेट होतं. तैलरंगातलं, डोक्यावर पदर, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. मुलं आधी गेल्या वर्षीसारखीच सरासरा पुढं निघाली होती. मी दोन्ही हात आडवे धरून सगळ्यांना तिथंच थांबवलं. म्हटलं, आपल्याला आज सगळी चित्रं बघायची नाहीत. या आजीसमोर दहा मिनिटं उभं राहायचं. लांबून बघा, मग जवळून बघा, फक्त हात लावायचा नाही.

पहिली दोन-तीन मिनिटं चुळबूळ, ढकलाढकली. मग पुढं उभी असलेली एक मुलगी किंचाळलीच, "बाई! लांबनं गाल गोरा दिसतंय खरं जवळनं हिरवा हाय!"

झालं. सगळी पुढं झुकली. खरंच, सावलीतल्या गालावर चित्रकारानं मळकट हिरव्या रंगाचे जाड फटकारे मारले होते. नाकाच्या कडेला थोडा निळा होता. पदराची लाल किनार म्हणजे जवळून बघितलं तर एकमेकांवर टेकलेले चार-पाच ठिपके. मुलं मागं जायची, गाल पुन्हा गाल व्हायचा. पुढं यायची, पुन्हा नुसता रंग. पुढं-मागं, पुढं-मागं, जणू कुणी त्यांना झोपाळ्यावर बसवलं होतं. ब्रशाचे केस रंगात ओढले गेल्याच्या बारीक रेघासुद्धा त्यांनी शोधल्या. एक जण म्हणाला, "हितं ब्रश वरनं खाली आलाय आनि हितं आडवा गेलाय." चित्र माणसाच्या हातानं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या हाताची वाट त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

हिरवा कशासाठी, ते चित्रकार बाईंनी समजावून सांगितलं. कातडीत तांबूसपणा असतो, सावलीत त्यावर थंड रंग आला की गाल वळल्यासारखा, आत गेल्यासारखा दिसतो. नुसता काळा मिसळला तर गाल मळका दिसतो, वळत नाही. मलाही हे ठाऊक नव्हतं. आमच्या शाळेला ड्रॉइंग मास्तर नाही. अकरा वर्षं ड्रॉइंगच्या तासाला मी फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड काढत आले आणि मुलं ते वहीत उतरवत आली. आमच्या दारातून दिसणारा सह्याद्री तसा टोकदार कुठं आहे? तो आडवा, लांबलचक, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. रोज समोर असून मी तो एकदाही फळ्यावर काढला नाही. हे आज त्या आजीसमोर उभी असताना मला टोचलं.

कार्यशाळेविषयी सावकाश लिहायला हवं.

मुलांना वाटलं होतं रंग मिळतील. बाईंनी दिला एकेक कोरा कागद आणि कोळशाची कांडी. जोड्या लावल्या, समोरासमोर बसवलं आणि सांगितलं, समोरच्याचा हात काढायचा. अट एकच, डोळे हातावरून हलवायचे नाहीत. कागदाकडे बघायचंच नाही. डोळा जेवढा सरकेल तेवढाच कोळसा सरकेल. बाई धारवाडकडच्या, मराठी येतं पण मध्येच कन्नडवर जातात. कुणी कागदाकडे बघितलं की त्या हाक द्यायच्या, "नोड, नोड! हात नोड!" कुणी दोन मिनिटांत "झालं" म्हटलं की म्हणायच्या, "इन्नू नोड." अजून बघ. तेवढं कन्नड आमच्या मुलांना येतं. थोड्या वेळानं सगळी एकमेकांनाच दटावू लागली, "ए, कागदाकडं बघतोस काय, इन्नू नोड!"

पहिले कागद बघून हसून हसून लोळली. बोटं सहा, अंगठा तळहाताच्या बाहेर, मनगट कागदाच्या कडेवरून पसार. बाईंनी मात्र एकेक कागद उचलून त्यातली एक तरी खरी रेघ दाखवली. इथं बघ, या पेराची सुरकुती तू खरंच बघितलीस. इथं तू बघितलं नाहीस, आठवलंस. बघणं आणि आठवणं यातला फरक इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता, बी.एड.लासुद्धा नाही.

दुसऱ्या कागदाला हसू थांबलं. तिसऱ्याला दालनात कोळशाच्या खरखरीशिवाय आवाज नव्हता. चौतीस मुलं आणि शांतता! मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

एका मुलीनं मैत्रिणीच्या डाव्या हाताचं चित्र काढलं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तर्जनीच्या खाली एक तिरकी जाड रेघ होती. मला वाटलं कोळसा घसरला. मी विचारलं, तर मैत्रिणीनं हात उलटा करून दाखवला. सुगीत भात कापताना विळा लागलेला, जखम भरून आली आहे पण वळ राहिलाय. नोव्हेंबरपासून ही पोर माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसते. तिच्या वहीवर मी रोज सही करते. तो वळ मी पाहिलेला नव्हता. सुगीत ती आठ दिवस गैरहजर होती म्हणून मी तिला बोलले होते, ते मात्र पक्कं आठवतंय. सोमवारी तिला जवळ घेऊन बोलायचं आहे.

जेवण बागेत झालं. चपाती, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. हेडमास्तरांनी प्रत्येकाला कुंद्याचा एकेक तुकडा दिला.

मग किल्ला. तिथं बाकी काही नाही, फक्त कमल बस्ती हे जैन मंदिर. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची, चौथ्या कार्तवीर्याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधलेली. तेव्हा बेळगावचं नाव वेणुग्राम. आत नेमिनाथांची मूर्ती आहे. काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत की मुलांना त्यात स्वतःची तोंडं दिसली. पण बघायचं ते वर, छताला. तिथून दगडाचं उमललेलं कमळ खाली लोंबतंय. त्याला बहात्तर पाकळ्या सांगतात. मागच्या, आताच्या आणि पुढच्या काळातले चोवीस-चोवीस तीर्थंकर मिळून बहात्तर, असा त्याचा हिशोब.

मी पूर्वी एकदा तिथं मान वर करून बघितलं होतं आणि दोन मिनिटांत मान आखडली होती. म्हणून आठवडाभर आधी मुलांना सांगून ठेवलं होतं, चौघांत एक आरसा आणा. काय काय आलं! आजीच्या फणेरपेटीतला, बाबांचा दाढीचा, एकानं तर मोडलेल्या मोटारसायकलचा आरसा आणला. आरसा पोटाजवळ आडवा धरायचा आणि खाली बघायचं, की अख्खं कमळ हातात. मान दुखत नाही, हवा तेवढा वेळ बघता येतं. मुलं पाकळ्या मोजायला बसली. मोजणी दरवेळी चुकायची, कारण आरसा हलला की सुरुवात कुठून केली तेच सापडायचं नाही. एका गटाचे साठ आले, दुसऱ्याचे एक्याऐंशी. बसच्या ड्रायव्हरनी घाई केली, अंधारायच्या आत गावात पोहोचायचं होतं, म्हणून मोजणी अर्धी राहिली. एक मुलगा जाता जाता म्हणाला, "बाई, ज्यानं हे केलं त्याची मान किती दुखली असंल?" दगड आधी खाली घडवून मग वर चढवले असतील की वर चढवून कोरले, हे मला सांगता आलं नाही. शोधून सांगते म्हणाले.

येताना निम्मी झोपली. सगळ्यांचे हात काळे होते, आता घरोघरी आया ओरडल्या असतील.

सोमवार, संध्याकाळ

सकाळी परिपाठानंतर त्या मुलीला बाहेर बोलावलं. वळ बघितला, सुगीत मी बोलले त्याबद्दल तिला सांगितलं की माझं चुकलं. ती खाली बघून हसली आणि म्हणाली, "आता दुखत न्हाई, बाई." तिची बुडालेली गणितं या आठवड्यात शाळा सुटल्यावर घ्यायची ठरली.

मीटिंगमध्ये प्रश्न विचारणारे ते पालक सोसायटीत भेटले. म्हणाले, "आमच्या पोरानं काल दिवसभर आईचा हात काढला. तिला भाकऱ्या करू दिल्या न्हाईत." ते रागावले होते की खूश होते, ते मला कळलं नाही. चेहरा तरी खूश होता.

ड्रॉइंगचा तास दुपारी होता. फळा कोराच ठेवला. म्हटलं, वर्गातली कुठलीही एक वस्तू निवडा आणि बघून काढा. दाराची कडी, पाण्याचा माठ, दप्तराची तुटलेली चेन, काय वाटेल ते. वीस मिनिटं बरी गेली, मग मागच्या कोपऱ्यात गलका झाला. मोटारसायकलचा आरसा दप्तरातून बाहेर निघाला होता. चौघं जण आरशात आमच्या वर्गाचं छप्पर बघत होती. कौलं, वासे, कोळ्याची जाळी, आणि मधली जुनी सागवानी तुळई.

"बाई, हिकडं या! तुळईवर घाव हायत."

मी आरशात बघितलं. अकरा वर्षं मी त्या तुळईखाली शिकवते. तिच्यावर वाकसानं तासल्याचे शेकडो उथळ घाव आहेत, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, सगळे एकाच बाजूला कललेले. खिडकीतून तिरका उजेड आला होता म्हणून ते उठून दिसत होते.

"ह्यो सुतार डावरा हुता," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "न्हाई रे, उजवाच, खरं तो पलीकडनं उभारला असंल." त्यावरून असं जुंपलं की तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. शेवटी दोघंही माझ्याकडे निकालाला आले. मला काय सांगता येणार? त्या दंग्यातून कुणीतरी ओरडलं, "इन्नू नोड!" आणि चौघं पुन्हा आरशावर वाकली.

उद्या शेजारून शिडी मागून आणायची आहे. आणि कागद संपलेत, खानापूरला जाणारं कुणी असेल तर दोन दस्ते आणायला सांगायचे.