बंड्या, गोचीड ताप आणि खालच्या काकांची अ‍ॅक्टिव्हा

आमचा बंड्या बॉर्डर कॉली, आत्ता अकरा महिन्यांचा. आणला तेव्हा सगळ्यांचं एकच, याला भरपूर पळवा नाहीतर घर खाईल. म्हणून मी रोज पहाटे वेताळ टेकडी, संध्याकाळी पार्किंगमध्ये बॉल, आणि हा पठ्ठ्या दमायचा तर नाहीच, जेवढा पळवू तेवढा अजून चेकाळायचा. खालच्या काकांची अ‍ॅक्टिव्हा सुरू झाली की गॅलरीत पोट टेकवून दबा धरणार, नजर हलणार नाही, जशी काय कळपातली चुकार मेंढीच. मेंढ्या राखायची जात, आता कोथरूडमध्ये मेंढ्या आणायच्या कुठून!

तर सप्टेंबरात एक दिवस अ‍ॅक्टिव्हा गेली आणि हा उठलाच नाही. बॉल टाकला तर आणून दिला, त्यामुळे बायको म्हणाली काही झालेलं नाहीये त्याला, तू उगाच करतोस. पण रात्री जेवण अर्धं ठेवलं. सकाळी डॉक्टरांकडे नेला तर ताप १०४.२, कुत्र्यांचा साधारण १०१ ते १०२.५ असतो. रक्त तपासलं, प्लेटलेट्स ६८ हजार, म्हणजे दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात त्याच्या किती खाली बघा. टिक फीव्हर, म्हणजे गोचीड ताप, गोचिडांतून येणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जंतूचा. डॉक्टर म्हणाले या कुत्र्यांना काम दिसलं की अंगात ताप असतानाही धावतात, बॉल आणला म्हणजे बरा आहे असं धरू नका.

डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, भरल्या पोटी. आईने पहिल्या दिवशी गोळी दहीभातात घालून दिली, तर फोनवर डॉक्टरांनी झापलं, दूधदह्याबरोबर हे औषध नीट लागू पडत नाही म्हणे. मग चिकनच्या तुकड्यात. चौथ्या दिवशी साहेब ठणठणीत दिसायला लागले आणि खरं सांगतो, गोळ्या बंद कराव्यात असं मनात आलंच होतं. नाही केल्या.

मधेच टेकडीवरचे एक ओळखीचे म्हणाले, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मारून टाक, गोचिडं साफ. स्वस्तात होतंय म्हणून मी जवळजवळ तयार. नशीब आधी डॉक्टरांना विचारलं. कॉली जातींत एमडीआर१ नावाच्या जीनमध्ये दोष असू शकतो, तो असला तर हे औषध मोठ्या डोसमध्ये मेंदूपर्यंत पोचतं, कुत्रा झोकांड्या खातो, कोमात जाऊ शकतो. बॉर्डर कॉलीत हा दोष रफ कॉलीपेक्षा बराच कमी सापडतो, पण टेस्टशिवाय नाही म्हणजे नाही. गालाच्या आतून स्वॅब घेऊन पाठवलाय. गोचिडांसाठी चघळायची गोळी दिली, त्याआधी फिट कधी आली होती का हे दोनदा विचारलं.

खरी परीक्षा म्हणजे प्लेटलेट्स वर येईपर्यंत उड्या बंद, बॉल बंद. बॉर्डर कॉलीला बसवून ठेवायचं! टॉवेलच्या घड्यांत खाणं लपवून हुंगायला लावलं, गॅलरीचं दार लावून घेतलं, दुपारी पडदे ओढून खोलीत माझ्याशेजारी नुसतं पडायला शिकवलं. पहिले तीन दिवस भुंकून डोकं उठवलं. आणि मग झोपायला लागला, तासन् तास, मी घाबरून परत फोन केला तर कळलं की या वयात सोळा-सतरा तास झोप लागतेच, मीच पळवून पळवून ती मोडली होती.

आणि गोचिडं टेकडीवरून येतात असं मी धरून बसलो होतो ना, ती गॅलरीत त्याच्या गादीमागे भिंतीच्या भेगेत निघाली. एकेक मादी हजारो अंडी घालते अशा ठिकाणी. भेगा सिमेंटने बुजवल्या, गादी फेकली.

महिन्याने प्लेटलेट्स २ लाख १० हजार. रोज रात्री कानामागे, बोटांच्या मधे, गळपट्ट्याखाली हात फिरवतो. काल एक सापडलं, कानाच्या घडीत. चिमट्याने मुळापासून ओढून काढलं, आता गॅलरीची उरलेली भिंत बघतोय.