गिटार बनवताना सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कागदाने

फोंड्यात घरीच अकूस्टिक गिटार बनवली, सगळी हाताने. त्यात कठीण काय विचाराल तर स्प्रूसचं लाकूड घरात येणं. बॉडीसाठी शिसव आणि नेकसाठी महोगनी इथल्याच सॉ मिलमध्ये मिळालं, पण टॉपला, म्हणजे पुढच्या फळीला, स्प्रूसच हवं होतं, हलकं असून ताठ असतं ते, तारांचा ताण घेतं तरी मोकळं थरथरतं, म्हणून बाहेरून मागवलं.

पार्सल देशात आलं आणि अडकलं. बाहेरून कच्चं लाकूड आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे लाकडात कीड नाही असा तिकडच्या सरकारी खात्याचा कागद. विकणाऱ्याने तो काढला होता पण पार्सलला लावलाच नव्हता! आणि हे मला कळलं कधी, तर कितीतरी आठवड्यांनी, कारण कुरिअरवाल्यांना फोन केला की म्हणणार मेल करा, मेलला उत्तर नाही, मग दुसराच कोणीतरी तीच केवायसी परत मागणार. नियम बरोबरच आहे, कीड आली तर आपल्याच झाडांचं वाटोळं, पण काय अडलंय ते पहिल्या दिवशी एका ओळीत सांगायला काय जातं? शेवटी ओरिजिनल कागद वेगळ्या कुरिअरने आला तेव्हा सुटलं. पैसे भरण्याआधी त्या सर्टिफिकेटचं पक्कं करून घ्या, आणि मागवा ते दिवाळीनंतर.

कारण माझं लाकूड आलं भर पावसात. खोलीत ह्युमिडिटी ८५ च्या वर, ब्रेस, म्हणजे टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, चिकटवायला हवी ४५ ते ५० टक्के. दमट हवेत चिकटवलं तर पुढे टॉप सुकून रुंदीत आकसतो, आडव्या ब्रेस लांबीत आकसत नाहीत, मग टॉप खचतो नाहीतर चिरतो. चवथ उलटली तरी फळ्या तशाच पडून. मग छोटी खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावला, आकडा बरेच दिवस स्थिर राहिल्यावरच एक्स ब्रेसिंग केलं, म्हणजे ब्रेस एक्सच्या आकारात चिकटवल्या.

अजून एक, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांची, मापं दर वेळी नटपासूनच (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घ्या, एकावरून पुढचा मोजलात तर फरक साठत जातो. ६४५ मिमी स्केलला, म्हणजे नट ते ब्रिज तारेच्या लांबीला, पहिला फ्रेट ३६.२ मिमीवर येतो.

जानेवारीत बेळगावला मामांकडे नेली होती, तिथे हवा कोरडी, तरी टॉप जराही हलला नाही.