वेशभूषेच्या पुरस्काराची वाट पाहताना

लॉस एंजेलिसमध्ये २ मार्चची दुपार उतरत होती, तेव्हा आपल्याकडे ३ मार्च २०२५ ची पहाट होती. ऑस्करचा ९७ वा सोहळा साडेपाचला सुरू होणार म्हणून मी पाचलाच उठून चहा टाकला. सूत्रसंचालक कोनन ओ'ब्रायन यांनी सुरुवातीच्या भाषणात भारतीय प्रेक्षकांना हिंदीतून नमस्कार करून न्याहारीचा उल्लेख केला, तेव्हा माझे पोहे भिजून तयार होते आणि मला त्या नमस्काराचा मनापासून आनंद झाला.

हा सोहळा मी गेली कित्येक वर्षे प्रामुख्याने कपड्यांसाठी पाहते. माझी आई घरी शिवणकाम करत असे. कापड बेतताना ते आडवे धरायचे की उभे, अस्तर कुठे जोडायचे, मुंढ्यात किती सैलपणा ठेवायचा, हे मी तिच्या मशीनशेजारी बसून पाहिलेले आहे. त्यामुळे सोहळ्याआधीच्या लाल गालिच्यावर कोणी चालत आले, की माझी नजर आधी चेहऱ्याकडे न जाता खांद्याच्या शिवणीकडे जाते.

यंदा ती नजर सर्वांत आधी अभिनेते टिमोथी शालामे यांच्या सूटवर थांबली. सारा बर्टन यांनी जिव्हान्शी या फॅशनगृहासाठी केलेला तो लोण्याच्या रंगाचा सूट अनेकांना आवडला नाही आणि ओ'ब्रायन यांनी मंचावरून त्याची थट्टाही केली. मला मात्र तो फार आवडला, कारण काळ्या सूटांच्या गर्दीत एवढा फिकट रंग अंगावर वागवायचा तर बेतणी अचूक लागते आणि ती तशी होती. सिंथिया एरिव्हो यांचा गडद हिरवा मखमली पोशाख भारदस्त होता. डेमी मूर रुपेरी आर्मानीत अक्षरशः झळकत होत्या, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांच्याऐवजी मायकी मॅडिसन यांना मिळाला याची हुरहुर मला अजून आहे.

परंतु त्या पहाटेचा मला सर्वाधिक भावलेला पोशाख गालिच्यावर नव्हताच. सोहळ्याच्या आरंभी अरियाना ग्रांदे लखलखत्या लाल पोशाखात गायला आल्या. स्कियापारेल्ली या फॅशनगृहाच्या त्या पोशाखाच्या पाठीवर उंच टाचेच्या लाल बुटाची आकृती होती. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटात नायिका डोरोथीच्या पायांत असलेल्या माणकांच्या बुटांना ती मानवंदना होती. मूळ कादंबरीत ते बूट चांदीचे आहेत. टेक्निकलर म्हणजे रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून ते लाल करण्यात आले आणि एमजीएम या चित्रपट स्टुडिओचे वेशभूषाकार एड्रियन यांनी त्यांना रूप दिले. त्या एड्रियन यांना ऑस्कर कधीच मिळाले नाही, कारण त्यांच्या भरभराटीच्या काळात वेशभूषेसाठी पुरस्कारच नव्हता. तो १९४९ च्या सोहळ्यापासून देण्यात येऊ लागला आणि एड्रियन त्याच्या कितीतरी आधी, १९४१ मध्येच, एमजीएम सोडून गेले होते. एवढ्या वर्षांनंतर त्याच पुरस्काराच्या मंचावर त्यांचा बूट एका गायिकेच्या पाठीवर चमकत होता, हे पाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

म्हणूनच मी वेशभूषेच्या पुरस्काराची वाट पाहते. गालिच्यावर प्रत्येकाला 'हे कोणाचे?' असे विचारले जाते आणि उत्तरादाखल फॅशनगृहाचे नाव सांगितले जाते. चित्रपटातले कपडे कोणाचे हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. यंदा तसे झाले नाही. नामांकन मिळालेल्या पाच चित्रपटांतील एकेक कलाकार मंचावर आले आणि त्यांनी आपापल्या वेशभूषाकाराविषयी त्या व्यक्तीला उद्देशून चार शब्द सांगितले. जॉन लिथगो हे 'कॉन्क्लेव्ह'च्या लिझी क्रिस्टल यांच्याविषयी बोलले. कार्डिनलांच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या, आजच्या झग्यांचा भडक लाल रंग टाळून क्रिस्टल यांनी जुना, अधिक गडद लाल निवडला होता, आणि त्या एका निवडीमुळे पडद्यावरची प्रत्येक चौकट शांत दिसते. ही पद्धत दरवर्षी चालू ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

पुरस्कार 'विकेड'साठी पॉल टॅझवेल यांना मिळाला. वेशभूषेचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष आहेत. ही गोष्ट त्यांनी स्वतः मंचावरून अभिमानाने सांगितली. त्यातल्या एल्फाबा या चेटकिणीच्या काळ्या पोशाखावरील बारीक चुण्या त्यांना अळंबीच्या छत्रीखालच्या पापुद्र्यांवरून सुचल्या होत्या. आईने हातावर घेतलेल्या चुण्या आठवल्या, की अशा कामाला किती संयम लागतो हे मला कळते. एक चूण दोऱ्याएवढी सरकली, तरी पुढची संपूर्ण ओळ वाकडी जाते.

हा पुरस्कार जाहीर होताना कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, मला दरवर्षी आठवतात. त्यांनी जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले, आणि 'गांधी' या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह हाच पुरस्कार ११ एप्रिल १९८३ रोजी स्वीकारून त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. खादीच्या साध्या धोतरापासून ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गणवेशापर्यंतचा सारा पट त्या चित्रपटात आहे आणि त्यात कुठेही कपडा मुद्दाम पुढे येत नाही. आपल्या पश्चात ती ऑस्करची बाहुली सुरक्षित राहावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती पुरस्कार देणाऱ्या अकादमीकडे परत पाठवली. आपल्या राज्यात तिच्यासाठी विश्वासाची जागा त्यांना दिसू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

यंदा लघुपटांच्या विभागात 'अनुजा'लाही नामांकन होते. दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात बहिणीसोबत राबणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीची ती गोष्ट आहे. पुरस्कार 'आय एम नॉट अ रोबोट'ला गेला. निकाल लागला तेव्हा मी आईला फोन केला. तिने 'अनुजा' आधीच पाहिला होता. पुरस्काराविषयी ती काहीच बोलली नाही. एवढ्या लहान मुलीचे पाय मशीनच्या पायट्यापर्यंत कसे पोहोचत असतील, एवढेच तिने विचारले.