बाबांच्या हाताला करवतीचे दात

कुडाळातल्या माझ्या स्टुडिओत ऑगस्टमध्ये काम कमीच. अशाच एका पावसाळी दुपारी एक गृहस्थ पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांचे वडील दशावतारात राजपार्ट करायचे. वर्षश्राद्धाला घरच्यांना जुन्या जत्रेतलं चित्रण दाखवायचं होतं. शहरातल्या कुणाकडून तरी टेप ‘एचडी’ करून आणली होती.

“बाबांच्या हाताक करवतीचे दात इलेत बघा,” ते म्हणाले.

खरंच होते. राजा उभा असेतो चित्र ठीक. तलवार फिरवली की पात्याच्या दोन्ही कडांना आडवे दाते फुटायचे आणि त्यांच्याभोवती चौकोनी ठिगळं.

ती टेप मिनीडीव्हीची, म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल कॅसेटची. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत टिपलेलं: आधी एक सोडून एक अशा 288 ओळी, मग 1/50 सेकंदानं मधल्या 288. या प्रत्येक हप्त्याला फील्ड म्हणतात. तेवढ्या वेळात तलवार पुढे सरकलेली असते. जुन्या डब्बा टीव्हीवर ओळी तशाच एकाआड एक उमटत, म्हणून खटकत नसे. फ्लॅट पडद्यावर दोन्ही फील्ड एकदम दाखवली की दाते दिसतात. फाइल लहान करताना, म्हणजे कॉम्प्रेशनमध्ये, हे दाते डोकेदुखी ठरतात. ते काम करणाऱ्या एन्कोडरला तो बारीक तपशील वाटतो, तो टिपण्यात बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायला मिळणारा डेटा, संपतो आणि उरलेलं चित्र ठिगळांत जातं. म्हणून तर डीव्हीडीच्या एमपेग-2 या कॉम्प्रेशन पद्धतीत 16 बाय 16 ठिपक्यांच्या प्रत्येक तुकड्याच्या ओळी एकत्र घ्यायच्या की फील्डप्रमाणे वेगळ्या करायच्या, हे ठरवायची सोय ठेवली. तिच्या आधीच्या एमपेग-1 मध्ये ती नव्हती.

इथे तर आणखी घोळ होता. त्या भल्या माणसानं 576 ओळी ताणून 720 केल्या होत्या, त्याही दोन्ही फील्ड एकत्र धरून. ताक आणि दूध एकत्र केल्यावर काय वेगळं काढणार? मी स्पष्ट सांगितलं, “ह्याच्यातून काय होवचा नाय. मूळ टेप आणा.”

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले, सोबत बाबांच्याच दशावतार कंपनीतले म्हातारे मृदंगवाले काका. टेप तांदळाच्या डब्यात ठेवलेली, म्हणून बुरशी नव्हती. कोकणात एवढंही पुष्कळ. जुन्या कॅमेऱ्यातून फायरवायर केबलनं ती जशीच्या तशी कॉम्प्युटरवर घेतली आणि सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस केली, म्हणजे फील्डांपासून सलग चित्रं बनवली. दाते गेले. मुलगा खूश.

काका मान हलवत होते. “पाय थापेवर पडणा नाय. तो असो नाचा नाय.”

मला आधी वाटलं, वयाचा परिणाम. पण त्यांचं बरोबर होतं. मी सेकंदाला 25 चित्रंच ठेवली होती, म्हणजे अर्धी हालचाल फेकून दिलेली. पुन्हा केलं: प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण चित्र, सेकंदाला 50. आता तर राजा थरथरायलाच लागला! एकेक चित्र पुढे नेत पाहिलं. तलवारीचं टोक पुढे, मागे, पुढे, मागे. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. सॉफ्टवेअरनं वरचं आधी धरलं होतं. ही एक खूण बदलायला दहा सेकंदही लागले नाहीत. ती सापडेपर्यंत मात्र दोन चहा झाले.

परत लावलं. गिरकी घेऊन राजाचा पाय आपटला आणि त्याच क्षणी काकांची बोटं माझ्या टेबलावर पडली. पुढची थाप त्यांनी पडद्याच्या आधीच वाजवली. मुलगा काही बोलला नाही, खिडकीकडे बघत राहिला.

फाइल प्रोग्रेसिव्ह, म्हणजे फील्ड नसलेल्या पूर्ण चित्रांची, करूनच दिली, कारण ती फोनवर बघितली जाणार. मी मूळ डीव्हीची प्रतही हार्डडिस्कवर ठेवायला सांगितली. तासाला तेरा जीबी लागतात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण ठेवली.

टेप तासाभराची, दशावतार रात्रभराचा. राक्षस मरायच्या आधीच पडदा निळा झाला. पुढचं सगळं काकांनी तोंडी सांगितलं, टेबल वाजवत, बाहेर पाऊस थांबेपर्यंत.