मदतीला कोण असतं?

"एकटीनं पोरं वाढवायची, वर शेती करायची, मग मदतीला असतं तरी कोण?" हा प्रश्न मला कुठंही गाठतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: माझ्यासारख्याच आणखी तिघी.

आमची सावड आहे. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या तिच्या. पण पाऊस पडला की चौघींनाही पेरणीची घाई एकदमच होते, मग आधी कोणाची? हलक्या रानाला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, लवकर येतो, भारी रानात तोवर चिखल पायाला चिकटत असतो. तोच क्रम आम्ही धरला. तरी खुरपणीला शेवटचा नंबर कोणालाच नको असतो. कुरबुर होते.

खरं भांडण झालं पोरांवरून. तिघी खुरपणार, चौथी सगळ्यांची पोरं सांभाळणार. मग तिचा दिवस आमच्या सावडीच्या हिशेबाच्या वहीत धरायचा का? "ती तर सावलीत बसली होती," एक म्हणाली. म्हटलं, उद्या तू बस. फवारणीच्या दिवशी पोरं रानाच्या आसपास फिरकूही द्यायची नसतात, मग ते काम फुकटचं कसं? आता तो दिवस खुरपणीइतकाच लिहितो.

जनावरांचं तंत्र वेगळं. पोर तापानं फणफणलं म्हणून धार थांबत नाही, दूध तुंबलं की कासेला दगडी व्हायची, म्हणजे कास सुजून टणक व्हायची भीती. त्यात परक्या हाताला गाय पान्हा चोरते. म्हणून काही अडलेलं नसतानाही आम्ही अधूनमधून एकमेकींच्या गाईंची धार काढतो. बघणारे हसतात, हसू देत.

कर्जाला मात्र एकमेकींना जामीन राहत नाही. पाऊस दगा देतो तो चौघींनाही एकदम, मग कोण कोणाला तारणार? बायकांना पुरुषांइतकीच साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०११ मध्येच मांडलंय. पण जमीन नावावर नसली की बँक पुढचं ऐकूनच घेत नाही.

त्या नावासाठी कचेरीत दोघी मिळून जातो. एकटीला "उद्या या" म्हणणं त्यांना फार सोपं जातं. ही सोबत वहीत धरायची की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.