इप्रेशियनचा खिळा इजिप्तमध्ये

पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागासाठी इओसीन काळाचा (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या भूकाळाचा) मराठी भिंततक्ता करण्याचे काम २०२१ मध्ये माझ्याकडे आले, तेव्हा ते आठवडाभरात उरकेल असे मला वाटले होते. पायाखालचा दक्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इओसीनच्याही आधीचा, त्यामुळे वेताळ टेकडीवर फिरून काही हाती लागणार नव्हते. कपाटातले कच्छचे न्युम्युलाइट्स, नाण्यांसारखे चपटे जीवाश्म, एवढाच जवळचा पुरावा होता.

अडचण आकड्यांपासून सुरू झाली. इओसीनचे खालून वर इप्रेशियन, ल्युटेशियन, बार्टोनियन आणि प्रायबोनियन असे चार टप्पे आहेत. त्यातल्या ल्युटेशियनचा आरंभ एका तक्त्यात ४.७८ कोटी वर्षांपूर्वी दाखवला होता, तर नव्या तक्त्यात ४.८०७ कोटी. यातला खरा कोणता, हे विचारायला मी विभागातल्या मॅडमकडे गेलो, तेव्हा त्यांनी वर्षांचा रकाना शेवटी हलवायला सांगितला. सीमा खडकातल्या एका नेमक्या थरावर ठरते. तिचे वय नंतर मोजले जाते आणि मोजमाप सुधारले की ते बदलते, थर मात्र तिथेच राहतो.

मग मी जागा शोधू लागलो आणि गोंधळ वाढला. इप्रेशियन हे नाव बेल्जियममधल्या ईपर शहरावरून आले, पण त्याच्या तळाचा 'सोनेरी खिळा', म्हणजे सीमा दाखवणारी जगमान्य जागा, २००३ मध्ये मान्य झाला तो इजिप्तमध्ये, लक्सरजवळच्या दबाबिया येथे, जिथे कार्बनच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण एकाएकी घसरलेले दिसते. ल्युटेशियन हे पॅरिसच्या रोमन नावावरून पडले, तर त्याची सीमा स्पेनमधल्या 'गोरोन्दाचे' नावाच्या किनाऱ्यावर, एका सूक्ष्म चुनखडी शैवालाच्या पहिल्या आढळावर ठरली. आडनाव नगरकर आणि बिऱ्हाड पुण्यात, तसाच हा प्रकार. कारण साधे आहे: नावे एकोणिसाव्या शतकात उथळ समुद्रातल्या, मध्ये मध्ये थर गहाळ असलेल्या खडकांवरून दिली गेली, तर सीमेसाठी अखंड साचलेला आणि दूरवर ओळखता येणाऱ्या खुणांचा गाळ लागतो. न्युम्युलाइट्स कितीही देखणे असले तरी उथळ तळाशी राहणारे, म्हणून त्या कामाला अपुरे.

मुळात ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायलने १८३३ मध्ये इओसीन वेगळा काढला तो आजही जिवंत असलेल्या शिंपल्यांच्या प्रमाणावरून, आणि ते प्रमाण होते सुमारे साडेतीन टक्के. त्या मानाने आजची पद्धत मला फारच काटेकोर वाटते.

प्रायबोनियनचा रकाना सहज भरला, कारण इटलीतल्या अलानो येथील ज्वालामुखीच्या राखेचा थर २०२० मध्येच मान्य झाला होता. बार्टोनियनपुढे १८५७ हे नाव दिल्याचे वर्ष लिहिले, पण त्याचा खिळा तेव्हा ठरलेला नव्हता, म्हणून जागेचा चौकोन कोरा ठेवला. तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक नेमके त्याच चौकोनावर बोट ठेवतात.